मुंबई उत्तरेकडे कशी सरकली

मुंबईच्या वाढीला भूगोलाने एकच वाट ठेवली होती. तिन्ही बाजूंना पाणी, दक्षिणेच्या टोकाला बंदर आणि किल्ला. पसरायचे तर उत्तरेलाच. शीव आणि माहीमच्या खाड्या ओलांडल्या की साष्टीचे बेट लागे. तिथे भातखाचरे, मिठागरे, ताडामाडांच्या वाड्या आणि कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची गावठाणे होती. शीवच्या खाडीवर बांध घालून रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच झाला होता. माहीम-वांद्र्याचा रस्ता १८४५ मध्ये झाला, तोही जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दिलेल्या पैशातून. दारे अशी उघडली तरी शहर लगेच बाहेर पडले नाही. त्याला बाहेर काढले ते साथीने, फाळणीने आणि बंद पडलेल्या गिरण्यांनी. नगररचनेचे आराखडेही झाले, पण माणसे बहुतेक वेळा आराखड्याच्या आधीच पुढे जाऊन पोहोचलेली असत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून तिथे सूत निघू लागले. या दोन गोष्टी इतक्या लागोपाठ घडल्या, हे मुंबईचे नशीब. रेल्वेने दख्खनचा कापूस बंदरात आणला, आणि तो कातायला लागणारी माणसे पुढे त्याच रुळांवरून आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरचा कापूस अडला, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला. १८६४च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि १८७२च्या जनगणनेत आकडा ६,४४,४०५ वर आला. आठ वर्षांत सुमारे पावणेदोन लाख माणसे कमी झाली. काम असेपर्यंत मुंबई, नाहीतर गाव, हा इथल्या बहुतेकांचा हिशेब होता, आणि तो पुढे जवळजवळ शतकभर टिकला.

विसावे शतक लागेपर्यंत शहरात ८०च्या वर गिरण्या उभ्या राहिल्या. ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी हा पट्टा गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या परळमध्ये एकेकाळी गव्हर्नरचा निवास होता, तिथल्या हवेत आता गिरण्यांचा धूर होता. कामगार आले ते मुख्यतः तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह तळकोकणातून, आणि सातारा, कोल्हापूर, पुण्याच्या घाटमाथ्यावरून. १९२१च्या जनगणनेत शंभरांतले सुमारे ८४ मुंबईकर शहराबाहेर जन्मलेले होते आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचे प्रमाण जवळपास पाचांत एक एवढे होते. त्याच वेळी हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. बायका-मुले गावी शेती सांभाळत आणि चाकरमानी महिन्याला मनीऑर्डर पाठवी. शिमग्याला, गणपतीला आणि लावणीच्या दिवसांत गिरण्यांत हजेरी घटे, त्यामागे हेच दुहेरी घर होते.

हे पुरुष राहत कसे, हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. चाळीची खोली साधारण दहा बाय बाराची. दार गॅलरीत उघडणारे, संडास आणि नळ मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. एकाच गावातल्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीला गाळा म्हणत. अशा गाळ्यात वीस-तीस जणांच्या ट्रंका भिंतीला लागून रचलेल्या असत. सगळे एकाच वेळी कधीच झोपत नसत, म्हणूनच ते शक्य होते. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागी रातपाळीवाला पथारी पसरी. जेवण खानावळीत. ती चालवणारी बाई बहुधा शेजारच्याच चाळीतली, कित्येकदा विधवा किंवा नवऱ्याची नोकरी गेलेली, आणि पैसे महिन्याच्या पगारावर. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. १९२१ मध्ये शहरातली जवळपास दोन तृतीयांश माणसे एकखणी घरांत राहत होती. मालकाच्या दृष्टीने तो चांगला धंदा होता. जागा थोडी, भाडेकरू पुष्कळ, आणि गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहण्यावाचून कामगाराला गत्यंतर नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रोगी ओळखले. सरकारने घरोघर तपासण्या लावल्या, रोग्यांना बळजबरीने दवाखान्यात नेले, कौले काढून खोल्यांत ऊन आत घेतले. रोगाइतकीच या उपायांची धास्ती बसली. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे निम्मी मुंबई बोटींनी आणि गाड्यांनी पळून गेली होती. गिरण्यांना माणसे मिळेनात. १९०१च्या जनगणनेत लोकसंख्या ७,७६,००६ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा ४५ हजारांनी कमी. शहर रिकामे पडणे परवडणार नाही, हे व्यापारी आणि गिरणीमालक या दोघांनाही तेव्हा कळले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याच्या मागे रोगाचा धसका जितका होता तितकीच ही धंद्याची काळजीही.

ट्रस्टचे काम दोन तोंडांचे होते. समुद्राचा वारा आत यावा म्हणून त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्यासाठी हजारो खोल्या पाडल्या. पाडलेल्या खोल्यांतली गरीब माणसे शेजारच्या चाळीत शिरली आणि तिथली गर्दी वाढली. दुसरीकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथली शेते आणि वाड्या घेऊन ट्रस्टने मोठे भूखंड पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, आणि माटुंग्याची दाक्षिणात्य वस्ती त्यातूनच उभी राहिली. शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये खुले झाले आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, त्याला आजचे नाव मिळाले. स्वतंत्र संडास-न्हाणीघर असलेली दोन-तीन खोल्यांची जागा ही कल्पना मराठी कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या आवाक्यात आली ती इथे. गिरगावातल्या मध्यमवर्गाचे उत्तरेकडचे पहिले पाऊल दादरला पडले. कामगारासाठी मात्र सरकारने वेगळी सोय केली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२०ला स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. या बीडीडी चाळींतल्या कित्येक खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या, कारण भाडे परवडत नव्हते आणि खोल्या कोंदट होत्या. घराच्या टंचाईने गांजलेल्या शहरात घरे रिकामी राहावीत, याहून त्या खात्याच्या कामाचे बोलके परीक्षण दुसरे नाही.

खाडीपलीकडच्या उपनगरांना खरा जीव दिला विजेच्या गाडीने. बीबीसीआय (आजच्या पश्चिम) रेल्वेने १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेला दिवसाला एक गाडी सोडली होती. तेव्हा गोरेगावच्या जागचे स्टेशन पहाडी, अंधेरीचे अंदारू. त्या एका गाडीवर रोजची नोकरी करता येत नसे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेवरची गाडी सुरू झाली, ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली, आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत गेली. गाड्या वाढल्या, वेळ कमी झाला आणि पार्ले, अंधेरी, मालाड, घाटकोपर, मुलुंड इथे राहून फोर्टात नोकरी करणे जमू लागले. त्याआधीच, १ ऑक्टोबर १९२०ला, सरकारने मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला होता. पार्ल्यात १९२१ला पार्ले टिळक विद्यालय निघाले, १९२९ला गोळ्या-मिठायांचा कारखाना. शाळा आली की वस्ती टिकते, हा अनुभव मुंबईच्या प्रत्येक मराठी उपनगरात पुढे आला.

१९३१ मध्ये मंदीमुळे शहराचा आकडा किंचित घसरून ११,६१,३८३ झाला. त्यानंतर मात्र मागे वळणे संपले. दुसऱ्या महायुद्धात गिरण्या तीन पाळ्यांत चालल्या. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि कराचीहून बोटींनी सिंधी निर्वासित आले, पंजाबमधून शीख आणि हिंदू आले. शीव-कोळीवाडा, चेंबूर, मुलुंड इथे छावण्या पडल्या. सर्वांत मोठी छावणी कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी तळावर. सुमारे एक लाख माणसे तिथल्या बराकींत राहिली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. बेट मुंबईची, म्हणजे खाड्यांच्या अलीकडच्या जुन्या शहराची, लोकसंख्या १९४१ मध्ये १४.९ लाख होती, १९५१ मध्ये ती २३.३ लाख झाली. दहा वर्षांत निम्म्याहून जास्त वाढ झाली आणि नवीन जमीन जवळजवळ नाही.

याच वर्षांत एक कायदा झाला. त्याचे परिणाम त्या वेळी कोणी फारसे जोखले नाहीत. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातल्या लुटीपासून भाडेकरूला वाचवायला तो आवश्यकच होता. पण तो तात्पुरता न राहता कायमचा झाला, आणि मग भाड्याने देण्यासाठी चाळ बांधायला कोणी पुढे येईना. जुन्या चाळींची डागडुजी थांबली. खोली हातातून हातात जाऊ लागली ती पगडीवर, म्हणजे एकरकमी पैसे मोजून. मुलाचे लग्न झाले की दुसरी खोली शेजारी मिळेना. मग उपनगरात ओनरशिपचा फ्लॅट घ्यायचा किंवा झोपडी बांधायची, दोनच मार्ग उरले. उत्तरेकडच्या प्रवासातला मोठा वाटा अशा एकेका घरातून वेगळ्या झालेल्या बिऱ्हाडांचा आहे.

महापालिकेची हद्द एप्रिल १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत, तर फेब्रुवारी १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. बृहन्मुंबई आकाराला आली ती अशी. शहरातले म्हशींचे गोठे गोरेगावच्या आरे वसाहतीत गेले. १९५७ मध्ये वैतरणेचे पाणी आले. त्या धरणाला मोडकसागर हे नाव महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे. विहार, तुळशी आणि तानशाच्या पाण्यावर एवढी उपनगरे जगणे शक्य नव्हते, त्यामुळे हद्दवाढीइतकेच मोल या पाण्याला द्यायला हवे. कारखानेही बाहेर पडत होते. ट्रॉम्बेला दोन तेलशुद्धीकरण कारखाने, कुर्ल्याला मोटारी, विक्रोळीला गोदरेज, आग्रा रोडच्या कडेने भांडुपपर्यंत औषधे, रसायने आणि यंत्रे. ठाण्याला १९६०च्या दशकात वागळे इस्टेट. गिरणीपेक्षा इथे पगार बरे. हाउसिंग बोर्डाने टिळकनगर, नेहरूनगर, पंतनगर, कन्नमवारनगर अशा वसाहती बांधल्या. आजच्या कित्येक मराठी घरांचा मुंबईतला पहिला स्वतःचा पत्ता यांपैकीच एखादा आहे.

मागणीच्या मानाने ही घरे थोडीच होती. उरलेल्यांनी खाडीकाठ, डोंगरउतार, रेल्वेलगतच्या पट्ट्या आणि खारटाणे यांवर आपापली घरे उभारली. धारावी मुळात शहराच्या वेशीवरची जागा. चामडे कमावणारे आणि कुंभार यांना शहराने बाहेर ढकलले म्हणून ते तिथे गेले. पुढे शहर त्यांना ओलांडून उत्तरेला गेले आणि धारावी अलगद मुंबईच्या मध्यावर आली. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत सुमारे २८ लाख माणसे मोजली गेली. त्याच वर्षी १७ मेला मानखुर्दची जनता कॉलनी पाडून तिथल्या सुमारे ७० हजार रहिवाशांना चीता कॅम्पला हलवले. ती जागा अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचारी-वसाहतीसाठी हवी होती. जनता कॉलनीतल्या अनेकांना पूर्वी शहरातून उठवूनच तिथे बसवलेले होते. एकाच माणसाने आयुष्यात दोनदा शहराच्या कडेला जायचे, हा प्रकार मुंबईत नवा नव्हता.

एकाच रेषेत वाढणारे हे शहर खाडीपलीकडे न्यावे, अशी सूचना मोडक आणि अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी १९४८च्या आराखड्यात केली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ती अधिक धीटपणे मांडली. कामाची ठिकाणेच, त्यांतही राज्य सरकारची कचेरी, ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला हलवा म्हणजे लोक आपोआप जातील, हा त्यांचा मुद्दा. १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ३४४ चौ. किमी क्षेत्र मुक्रर झाले. वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला. त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्यांचे मनोरे चढत होते आणि मंत्रालय जागचे हलले नाही. दक्षिण मुंबईतली कामे दक्षिणेतच राहिली. वाशीला रेल्वे पोहोचायला १९९२ उजाडले. एका हाताने शहर पूर्वेला ओढायचे आणि दुसऱ्या हाताने दक्षिणेला, असा तो कारभार होता. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांना भाव मिळाला तोही नाममात्र. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यातल्या गोळीबारांत पाच जण मारले गेले, तेव्हा विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत देण्याचे धोरण आले. आज नवी मुंबई दहा लाखांच्या वरचे शहर आहे, पण मुंबईचा भार हलका करण्याचे तिचे मूळ उद्दिष्ट अर्धेमुर्धेच साधले.

आकडे हे बदल चटकन दाखवतात. १९५१ मध्ये बृहन्मुंबईच्या सुमारे ३० लाखांपैकी उपनगरांत पावणेसात लाखांच्या आतच माणसे होती. १९७१ मध्ये बेटावर ३०.७ लाख आणि उपनगरांत २९ लाख, म्हणजे जवळजवळ बरोबरी. १९८१ मध्ये बेटावर ३२.९ लाख, उपनगरांत ४९.६ लाख. त्यापुढे बेटाची लोकसंख्या वाढायचीच थांबली.

या टप्प्यावर गिरणीसंप झाला. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांची यंत्रे जुनाट होती, भिवंडीच्या यंत्रमागांनी कापडाचा धंदा आधीच खाल्ला होता, आणि कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला भाव अधिक होता. त्यामुळे संप हे निमित्त झाले असे म्हणणे एकांगी ठरत नाही, जरी त्याने लाखभर कुटुंबे उघड्यावर आणली हेही तितकेच खरे. काही जण गावी परतले. काहींनी फेरीचा धंदा धरला. ज्यांच्याकडे चाळीतली खोली होती त्यांनी ती विकून आलेल्या पैशात नालासोपारा, विरार, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथे जागा घेतली आणि उरलेल्या रकमेत मुलीचे लग्न उरकले. नव्या जागेतून मुलगा कामाला निघाला तो दक्षिणेकडेच, दोन तासांची लोकल पकडून. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष लोकल धावली. नोकरदार बायका त्या प्रवासात मांडीवर पेपर पसरून रात्रीची भाजी निवडत.

गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीसाठी १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ढोबळमानाने सोपी विभागणी होती. एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीला लागू झाली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल वैध ठरवला. परळ-लोअर परळला मॉल, कचेऱ्या आणि चाळीस-पन्नास मजली इमारती उभ्या राहिल्या. कामगारांच्या घरांसाठी आणि मैदानांसाठी आलेली जमीन मूळ अपेक्षेच्या मानाने फारच थोडी होती.

२०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा अडीच लाखांनी घटून ३०.८५ लाख झाली. उपनगर जिल्ह्यात ९३.५७ लाख. ठाणे जिल्हा तर १.१० कोटींवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला आणि २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. एकट्या वसई-विरारमध्ये १२ लाख माणसे होती. वसईच्या हरित पट्ट्यातल्या बागायतदारांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह बिल्डरशाहीविरुद्ध दिलेला लढा याच वाढीला दिलेले उत्तर होते. संपूर्ण नागरी समूहात १.८४ कोटी माणसे होती, त्यांत बेटावर राहणारा सहांत एक.

घरासाठी म्हाडाकडे पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. गिरण्यांच्या जमिनीवर आतापर्यंत मिळालेली घरे त्यांच्या दहाव्या हिश्शालाही पुरत नाहीत. उरलेल्यांपुढे सरकारने जी घरे ठेवली आहेत ती शेलू आणि वांगणीला, कर्जतच्या मार्गावर, बदलापूरच्याही पुढे. घर मुंबईतच मिळावे, ही कामगार संघटनांची मागणी कायम आहे.